लहान मुलांना पर्यावरणाची हानी कशी समजावून सांगावी?

माणसामुळे निसर्गाची होणारी हानी सहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगायची आहे, पण ती घाबरता कामा नये, असे आपण विचारले आहे. प्राथमिक वर्गांना शिकवताना माझे असे मत बनले आहे की या वयात सुरुवात वितळणाऱ्या हिमनद्यांपासून करू नये. मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल आणि स्वतःच्या हातांनी सुधारता येईल, एवढ्याच बदलापासून करावी.

मी दोन उथळ ट्रे घेतो. एकात गवत उगवलेली माती आणि दुसऱ्यात नुसती माती भरून दोन्ही सारखेच तिरके ठेवतो व मुलांना झारीने सारखेच पाणी घालायला सांगतो. उघड्या मातीवरून गढूळ पाणी वाहून येते, तर गवताच्या ट्रेमधून त्या मानाने बरेच स्वच्छ पाणी येते. येथे मोठ्यांनी घाई न करता मुलांना आधी बोलू द्यावे, कारण ‘गवताने माती धरून ठेवली’ हे त्यांचे त्यांनाच सुचते. त्यानंतर, झाडे तोडलेल्या डोंगरउतारावरील माती पावसात अशीच वाहून नदीत जाते आणि धरणात गाळ होऊन साठते, एवढेच सांगावे. मग त्या उघड्या मातीत बी पेरावे आणि गवत चांगले रुजल्यावर प्रयोग पुन्हा करावा. हा दुसरा भाग बहुतेक जण गाळतात, पण माझ्या मते मुलाला धीर देणारा भाग तोच आहे.

कुंडीत फळाची साल, कागद आणि प्लास्टिकचा तुकडा पुरून दोन-तीन महिन्यांनी उकरून काय कुजले आणि काय तसेच राहिले ते पाहणेही उपयोगी पडते.

मात्र ‘तू नळ उघडा ठेवतेस म्हणून मासे मरतात’ असे कधीही म्हणू नये. कारखाने, इंधन आणि जंगले यांविषयीचे निर्णय मोठी माणसे घेतात, त्यांचा भार मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की वातावरणातील ओझोन वायूच्या थराची हकीकत अवश्य सांगावी. फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे सूर्याचे अपायकारक अतिनील किरण अडवणारा हा थर विरळ होत होता. अंटार्क्टिकावरील त्याची मोठी घट 1985 मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली, 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार होऊन त्या वायूंवर निर्बंध आले आणि आता तो थर हळूहळू भरून येत आहे.