अहवालात अचानक ‘नोड्यूल’ दिसला तर

मुतखड्यासाठी काढलेल्या पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाचा तळही येतो, त्यामुळे ‘५ मिमीचा नोड्यूल’ (म्हणजे फुफ्फुसातील लहान गाठ) ही ओळ अहवालात अनपेक्षितपणे वाचून तुमची झोप उडणे स्वाभाविक आहे. परंतु एवढ्या लहान गाठींपैकी बहुतेक कर्करोगाच्या नसतात. आपल्याकडे जुन्या क्षयाच्या खुणा पुष्कळांच्या फुफ्फुसांत आढळतात, आणि गाठ पूर्णपणे कॅल्सिफाइड (कॅल्शियम साचून कडक झालेली) असेल तर ती बहुधा भरून आलेली जखमच असते.

फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमातपासणीतील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या सूचनांनुसार, धोका कमी असलेल्या व्यक्तीला ६ मिमीपेक्षा लहान घन (स्कॅनमध्ये धूसर नव्हे, भरीव दिसणाऱ्या) गाठीसाठी पुन्हा स्कॅन करण्याची सहसा गरज नसते. ६ ते ८ मिमीच्या एकट्या गाठीसाठी ६ ते १२ महिन्यांनी सीटी सुचवला जातो. मात्र पूर्वी कर्करोग झालेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आणि पस्तिशीच्या आतल्यांना हे निकष लागू होत नाहीत.

सर्वांत मोलाचा असतो तो जुना सीटी. कागदी अहवालावर न थांबता त्याची सीडी शोधून छातीविकारतज्ज्ञांना दाखवा, कारण घन गाठ दोन वर्षे जशीच्या तशी असेल तर काळजी बरीच मिटते. धूम्रपानाची माहिती लपवू नका. खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा.