राक्षस म्हणावं, मॉन्स्टर म्हणावं की ‘ध्यान’?

एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: ‘माझी भाची एका परदेशी समीक्षकाची चाहती आहे. गेम, कार्टून आणि जुन्या जपानी मालिकांमधले मॉन्स्टर घेऊन हा गृहस्थ तासन्‌तास बोलतो, आणि लोकांना जे सगळ्यांत कुरूप किंवा खुळचट वाटतं त्याचंच तोंड भरून कौतुक करतो. त्याच्या चाहत्यांच्या प्रतिक्रियांवर मी मराठीत एक लेख लिहायला घेतला. “राक्षस” लिहिलं, तर भाची हसत सुटली. मॉन्स्टरला मराठीत काय म्हणावं? आणि “दिसायला भयंकर, पण जीव जडतो” हे एका शब्दात सांगता येतं का?’

भाची हसली ते बरोबरच केलं तिने. ‘राक्षस’ हा शब्द मुळात दिसण्याबद्दल काही सांगतच नाही. तो कुळाचा शब्द आहे, आणि रोजच्या मराठीत वागण्याचा. रावण राक्षस तसा बिभीषणही राक्षसच. रामायणाच्या उत्तरकांडात व्युत्पत्तीची गोष्ट येते: ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं, ते सांभाळायला जीव निर्माण केले, जे ‘रक्षामः’ म्हणाले ते राक्षस झाले, जे ‘यक्षामः’ म्हणाले ते यक्ष. सुळे, नखं अशी वर्णनं रामायणातही येतात, पण ती त्या त्या राक्षसाची, शब्दाच्या अर्थातली नव्हेत. आज आपण ‘राक्षसी बहुमत’ म्हणतो, ‘राक्षसासारखा जेवतो’ म्हणतो. प्रमाणाबाहेर मोठं किंवा प्रमाणाबाहेर क्रूर, एवढाच त्यातला अर्थ. दैत्य आणि दानव तर आईच्या नावावरून आलेले, दितीचे ते दैत्य आणि दनूचे ते दानव. त्यात तरी रूपाचं वर्णन कुठे आहे?

आता या शब्दांपुढे ट्रबिशला उभं करा. पोकेमॉनच्या 2010च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या गेममध्ये तो पहिल्यांदा आला. कचऱ्याची फुगलेली पिशवी, वर गाठ मारून सुटलेली दोन टोकं कानांसारखी उभी, मधे भाबडे डोळे आणि वेडेवाकडे दात. त्याच गेममध्ये आइस्क्रीमच्या कोनासारखा व्हॅनिलाइटही होता. या दोघांवर चाहते तुटून पडले. ‘यांच्या कल्पना संपल्या’ हा तेव्हाचा ठरलेला शेरा होता. त्याला दुसऱ्या बाजूने उत्तरही ठरलेलंच यायचं: 1996च्या पहिल्या 151 पोकेमॉनमध्ये काय सगळे गरुड आणि सिंहच होते का? ग्राइमर म्हणजे नुसता गाळ, व्होल्टॉर्ब म्हणजे चेंडू, मॅग्नेमाइटला तर चक्क लोहचुंबक आणि स्क्रू. ‘जुनं ते सोनं’वाल्यांची यावर पंचाईत होते, कारण त्यांनी लहानपणी जो गाळ प्रेमाने पाळला तो त्यांना गाळ वाटतच नाही.

अशा पिशवीला ‘कचरा-राक्षस’ म्हणणं म्हणजे बिचाऱ्यावर न केलेल्या गुन्ह्याचा शिक्का मारणं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातला फ्लम्फ तर याहून पुढचा. 1981च्या ‘फीन्ड फोलिओ’ या पुस्तकात तो आला. हवेत तरंगणारी चपटी तबकडी, वर देठांवर डोळे, खाली लोंबणाऱ्या सोंडा, आणि धोका दिसला की घाणेरड्या वासाची पिचकारी. उलटा पडला की त्याला सरळ होता येत नाही. आणि स्वभाव? सज्जन! खेळाच्या नियमांतच तसं लिहिलंय. कित्येक वर्षं तो टिंगलीचा धनी होता. मग टिंगल करता करताच लोकांचा त्याच्यावर लोभ बसला, आणि 2014च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याला मानाने जागा मिळाली. त्याला राक्षस म्हणाल तर बिभीषणालाही वाईट वाटेल.

भुतांची नावं वापरू नका. ती आपल्याकडे भरपूर आहेत आणि रसाळही आहेत, पण बहुतेकांच्या नावात चरित्र आहे, चेहरा नाही. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो. हडळ, जखीण, समंध, गिऱ्हा यांच्याही बाबतीत कोण होता, कसा गेला, कुठे अडकला, हेच आधी विचारलं जातं. फार झालं तर पाय उलटे. जपान्यांचं गणित उलटं आहे. तिथे शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो अशी समजूत, म्हणून जुन्या छत्रीला एक डोळा, एक पाय आणि लांब जीभ फुटते. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने 1776पासून अशा योकाईंच्या, म्हणजे जपानी भुताखेतांच्या, चित्रसंग्रहांची मालिकाच काढली. एका पानावर एक आकृती आणि तिचं नाव. नजर पहिल्यापासून रूपावर. आजच्या मॉन्स्टरवेड्यांची आजीबाई तीच.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: मॉन्स्टरला ‘मॉन्स्टर’च म्हणा. अनेकवचन ‘मॉन्स्टर’, सामान्यरूप ‘मॉन्स्टरला, मॉन्स्टरांना’. डॉक्टर, मास्तर जसे चालतात तसा हा शब्द मराठीत चालतो, अडत नाही. ‘विचित्र प्राणी’ गरज पडली तर ठीक. ‘असुर’ मात्र जिथे असुरच आहे तिथेच ठेवा. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे बघत लोक वाड्यावाड्यांतून हिंडतात, कुणाचे डोळे जमले, कुणाचे सुळे फसले यावर हमरीतुमरीने बोलतात, आणि पहाटे सगळे पुतळे जाळतात. तिथे असुर हाच शब्द. पण त्या रात्रीच्या गप्पा ऐकल्यात तर भाचीचा समीक्षक आपल्याला फारसा परका वाटणार नाही.

‘डिझाइन’ हा शब्द तुम्ही विचारलेला नाही, तरी लेखात तो सतत लागणार, म्हणून सांगतो. ‘रचना’ इथे कोरडी पडते. मराठीत तीन चांगले शब्द हाताशी आहेत. चेहऱ्यामोहऱ्याची असते ती ठेवण, ती उपजत. भांड्याचा, दागिन्याचा असतो तो घाट, बाहेरच्या रेषेचा. आणि कारागिराच्या हातून येते ती घडण. समीक्षक बोलतो तो बहुतेक घडणीबद्दल. उदाहरणार्थ, 1966च्या ‘अल्ट्रा क्यू’ या जपानी मालिकेतला कानेगॉन. पैशाचा हव्यास असलेला एक मुलगा या प्राण्यात बदलतो. त्याचं डोकं म्हणजे नाण्यांचा बटवा, तोंडाला चेन, आणि जगायचं तर रोज नाणी खायला हवीत. पोटात किती उरली ते छातीवरच्या आकड्यात दिसतं. तो घडवला तोरू नारिता यांनी. नेहमीचाच प्राणी नुसता मोठा करून ठेवायचा नाही आणि रक्तबंबाळ, फाटकीतुटकी शरीरं दाखवून भीती घालायची नाही, असा त्यांचा दंडक होता. कानेगॉनच्या डोक्याचा घाट बटव्याचा आहे, पण गोष्ट, शिक्षा आणि विनोद त्या एकाच आकारात बसवले आहेत ती घडण. ‘घडण’ लिहिलंत की घडवणाराही आपोआप आठवतो, हा आणखी फायदा.

आता चाहत्यांच्या प्रतिक्रिया. या समीक्षकाचं ऐकणाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘ईऽऽ’ किंवा ‘शी!’ असते. इथे शब्द नीट निवडा. किळस पोटात येते, शिसारी अंगावर येते. गाळाच्या गोळ्याची किळस, शंभर पायांच्या किड्याची शिसारी. ‘ओंगळ’मध्ये अस्वच्छता आहे, ‘भेसूर’मध्ये उदासपणा आणि थोडी स्मशानकळा. ‘भयंकर’चा मात्र भरवसा धरू नका. ‘भयंकर आवडलं’ असं म्हणणाऱ्या माणसांच्या तोंडी त्यातलं भय कधीच संपलंय.

पुढची प्रतिक्रिया जास्त मजेची. समीक्षक सांगतो, बघा, याचे डोळे कडेला आहेत कारण हा शिकार करत नाही, स्वतःच शिकार होतो. हा फोड नव्हे, हे घर आहे. मग चाहता म्हणतो की याला मी इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर एकच आकृती बीभत्सातून अद्भुतात गेली, जुगुप्सेचा विस्मय झाला. भरताने भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तीन रस वेगळे ठेवले ते उगीच नाही. इंग्रजीत ‘मॉन्स्टर’ या एका पोत्यात तिन्ही भरले जातात आणि मग त्यावर वाद घालत बसावं लागतं. (हे माझं मत, इंग्रजीवाले रागावतील.)

आणि शेवटची अवस्था: दिसायला हे असं, तरी माझं. जपानी तरुणांनी त्यासाठी ‘किमोकावाई’ असा जोडशब्द केलाय, किळसवाणं अधिक गोड. त्याचं भाषांतर करून ‘किळसगोड’ वगैरे काही घडवू नका, ते औषधाचं नाव वाटेल. मराठीत ही भावना विशेषणात नाही, नामात आहे, आणि ते नाम तुम्ही रोज वापरता. ध्यान. ‘काय ध्यान आहे!’ ‘आलं बघा आमचं ध्यान.’ तेल चोपडलेले केस, उलटा घातलेला सदरा आणि नाकातून शेंबूड, अशा नातवाला आजी जे म्हणते ते. त्यात थट्टा आहे, कीव आहे आणि मालकीही आहे. परक्याला आपण सहसा इतक्या मायेने ध्यान म्हणत नाही. तुकोबांनी हाच शब्द विठ्ठलासाठी वापरला, ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’. तिथे अर्थ ध्यानात धरण्याची मूर्ती असा आहे. थट्टेतला अर्थ त्याच्याच पोटातून आलाय, कारण दोन्हीकडे नजर आकृतीवर खिळलेली आहे. ‘अवतार’, ‘सोंग’ आणि ‘नमुना’ हेही जवळचे आहेत, पण ‘अवतार’मध्ये ओरडा जास्त, ‘सोंग’मध्ये ढोंगाचा संशय, ‘नमुना’मध्ये माया कमी.

आकृती प्रचंड असेल, गॉडझिलाच्या मापाची, तर ‘ध्यान’ तोकडं पडेल. तिथे ‘विक्राळ’ घ्या. ‘अक्राळविक्राळ’ नको, तो बालकथांनी गुळगुळीत केलाय. नुसतं विक्राळ. रामदासांच्या शंकराच्या आरतीत ‘लवथवती विक्राळा’ने सुरुवात होते आणि दोनच ओळींत ‘लावण्यसुंदर’ येतं. आपण टाळ्या वाजवत दोन्ही एका दमात म्हणतो. गीतेच्या अकराव्या अध्यायात ‘दंष्ट्राकरालानि’ मुखं बघून अर्जुन घाबरतो, आरती म्हणणारा मराठी माणूस घाबरत नाही. चाहत्यांचा सूर या आरती म्हणणाऱ्याच्या जातीचा आहे.

लेखात वापरायला दोन-तीन वाक्यं देतो, हवी तशी फिरवा. ‘ट्रबिशला लोक कचरा म्हणाले, याने त्याची घडण उलगडून दाखवली.’ ‘आधी शी म्हटलं, मग बघत राहिलो, आता हेच माझं लाडकं ध्यान.’ ‘एवढं विक्राळ धूड, पण चाल बघा कशी लाजरी!’ शब्द नपुंसकलिंगी आहे, तेव्हा बावळं ध्यान, गोड ध्यान, अनेकवचन ध्यानं. ‘ध्यान देणे’शी घोटाळा होऊ नये म्हणून आधी एखादं विशेषण किंवा ‘हे’, ‘ते’ लावत चला. आणि छापण्याआधी भाचीला वाचायला द्या. ती पुन्हा हसली तर कुठल्या ओळीला हसली ते कळवा.