न मोजता भरलेली रीडिंग

"मॅडम, प्रार्थनेला बसतो, शब्द भराभर येतात, पण आत काही हलत नाही. माझा विश्वास वरवरचा आहे का?"

नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांत समुपदेशन करताना हे ऐकते. शरणपूर रोड, नाशिकरोड, देवळाली कॅम्प. पत्ता बदलतो, प्रश्न हाच असतो. आणि विचारणारे बहुतेक पुढच्या बाकावरचे. ज्यांचा विश्वास खरोखर वरवरचा असतो, त्यांना हा प्रश्न क्वचितच छळतो.

हे गृहस्थ पन्नाशीचे, कारखान्यात तपासणी विभागात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). रविवारी उपासनेत शास्त्रपाठ (बायबलवाचन) त्यांचा, दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला) चुकत नाही, बुधवारच्या प्रार्थनासभेत शेवटची प्रार्थना तेच करतात. पहिल्या भेटीत त्यांनी हे सगळं सांगितलं, जणू मी हजेरी घेत होते.

अशा वेळी आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कशातलाही रस गेला असेल, तर तो आध्यात्मिक कोरडेपणा नसून नैराश्य असू शकतं, आधी डॉक्टर. दुसरं, 'माझं तारण झालंय ना?' असं माणूस दिवसातून वीसदा स्वतःला किंवा पाळकसाहेबांना विचारत असेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी, तोच विचार पुन्हा पुन्हा छळण्याचा आजार) असू शकतो. त्याला आत्मपरीक्षण करायला सांगणं म्हणजे आगीत तेल. त्यालाही मनोविकारतज्ज्ञच हवा. यांचं तसं काही नव्हतं.

मग विश्वासाचा विषय बाजूला ठेवून मी त्यांच्या कामाबद्दल विचारलं. चेहरा खुलला. "दर लॉटमधले पाच नग घ्यायचे, मायक्रोमीटरने व्यास मोजायचा, रीडिंग शीटवर लिहायचं."

"पाचही मोजता?"

जरा थांबले. "घाई असली की एकच मोजतो. बाकीची चार भरून टाकतो."

"कशी?"

"शेवटचा आकडा थोडा थोडा बदलून. सगळी सारखी लिहिली की ऑडिटरला संशय येतो."

मी काही बोलले नाही. इथे पुढचं वाक्य समुपदेशकाने म्हणायचं नसतं, कितीही जिभेवर आलं तरी. पुढच्या भेटीत खुर्चीत टेकता टेकता तेच म्हणाले, "मॅडम, प्रार्थनाही मी अशीच भरतो. दयाळू पित्या, तुझे उपकार, आजाऱ्यांना बरं कर... शेवटचा शब्द तेवढा बदलून."

माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. लोक वरवरचेपणा भावनेत शोधतात आणि डोळ्यांत पाणी आलं नाही की घाबरतात. पण बायबलमधलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते देवालाच उद्देशून आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप विश्वास आणि अविश्वास एका दमात कबूल करतो. येशू त्याला परत पाठवत नाही. भावना कोरडी असणं म्हणजे विश्वास खोटा असणं नव्हे. मोजलंच नाही तिथे मर्यादेतला आकडा लिहिणं, ते खोटं.

त्यांना सहा आठवड्यांचा अभ्यास दिला. रोज दहा मिनिटं, दार लावून, मोबाइल बाहेर. फक्त तीन वाक्यं, तीही घरच्या बोलीत. 'हे दयाघना' नको. एक, आज खरंच जे घडलं ते. दुसरं, जे वाटायला हवं पण वाटत नाही ते. तिसरं, अशी मागणी जिची किंमत स्वतःला मोजावी लागेल. मग थांबायचं. आणि कामावर पाचही नग मोजायचे.

"त्याचा प्रार्थनेशी काय संबंध?"

"याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचा, कृतीवाचून विश्वास मेलेला, असं तिथे म्हटलंय. आणि मोजून बघा."

हा अभ्यास ठरावीक ठिकाणी बिघडतो. दुसऱ्या आठवड्यात ती तीन वाक्यंही पाठ होतात. तेव्हा वाक्य एकावर आणायचं. तिसऱ्यात माणसाला सभेत साक्ष द्यावीशी, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांना सांगावासा वाटतो. मी थांबवते, नाहीतर दार लावून केलेलं पुन्हा चव्हाट्यावर येतं. काही जण उलट टोकाला जाऊन उपासना, दशांश सगळं ढोंग म्हणून सोडू बघतात. पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना येशूने न्याय, दया, विश्वास सोडल्याबद्दल झापलं खरं, पण तो दशांश बंद करा असं तो म्हणाला नाही. आणि कुणाला शिबिरात एका रात्रीत सगळं बदलायला हवं असतं. आपल्या इथल्या जलालपूरच्या, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, पतीनंतर पाच वर्षांनी. नवऱ्याचं रीडिंग बाईंनी आपल्या शीटवर उतरवलं नाही.

चौथ्या आठवड्यात गृहस्थ आले ते थोडे ओढलेले. तिसरा नग मापाबाहेर निघाला, लॉट अडवावा लागला, साहेब सगळ्यांसमोर बोलले.

"मग रात्री काय म्हणालात?"

"म्हटलं, साहेब चिडलेत, मला भीती वाटते, आणि तू जवळ आहेस असं काही वाटत नाही." थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. "पुढे सुचलंच नाही. तसाच बसून राहिलो. आमेन म्हणायचंसुद्धा राहिलं, मॅडम."