ती पुस्तके वाचूनच मुलगी अशी झाली का?

“मॅडम, खरं सांगा, ही पुस्तकं वाचूनच ती अशी झाली ना?”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्या आईवडिलांच्या तोंडून ऐकला आहे, की हल्ली तो त्यांच्या हातातल्या पिशवीवरूनच मला कळतो. पिशवीत पुस्तके असतात, नाहीतर मुलाकडून काढून घेतलेला मोबाइल असतो. ज्या मायलेकींविषयी मी येथे लिहिते आहे, त्या दोघींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत मराठी शिकवतात. मुलगी सतरा वर्षांची, बारावीत. आईंनी पिशवीतून सहा इंग्रजी कादंबऱ्या काढून टेबलावर मांडल्या. शाळेच्या वह्यांना घालतात तशी खाकी कव्हरे प्रत्येकीला नीट, कोपरे दुमडून घातलेली होती. आत दोन मुलींच्या, काहींत दोन मुलांच्या प्रेमाच्या कथा. पाच पुस्तकांच्या शेवटच्या पानावर, खाली उजवीकडे, पेन्सिलीने ‘बरोबर’ची बारीक खूण केलेली होती, सहाव्यात नव्हती. “ही खूण कसली ते ती सांगत नाही,” आई म्हणाल्या. एखाद्या गटाची ती गुप्त भाषा असावी, या शंकेने त्या चार रात्री झोपल्या नव्हत्या. नात्यातल्या कुणीतरी त्यांना ‘मुलांना सुधारून देणाऱ्या’ एका डॉक्टरांचा पत्ताही दिला होता.

त्या पत्त्याचा विषय मी सर्वांत आधी संपवला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली आहे, भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे स्पष्ट केले आहे आणि मुलांचा लैंगिक कल बदलून देण्याचा ‘उपचार’ करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. अशा ‘उपचारां’तून गेलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांचा कल बदललेला नव्हता. घरच्यांवरचा विश्वास मात्र गेला होता, आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात.

मग त्यांचा मूळ प्रश्न. पुस्तकातून कल लागत नाही. आपल्या पिढीने मुलगा आणि मुलगी यांच्याच प्रेमकथा वाचल्या, शेकडो सिनेमे तेच पाहिले, तरीही त्याच पिढीत समलिंगी माणसे होती आणि आहेत. कथांनी माणूस घडत असता तर ती असायलाच नको होती. शिवाय अशी कथा आवडली म्हणून वाचणारी व्यक्ती समलिंगी असतेच असेही नाही. दोन मुलांच्या प्रेमाच्या मालिका आवडीने पाहणाऱ्या कितीतरी मुली माझ्याकडे येतात आणि त्यांचा प्रश्न वेगळाच, बहुधा परीक्षेचा असतो. पुस्तक एकच गोष्ट करू शकते, ती म्हणजे जे मनात आधीपासून आहे त्याला शब्द देते. मजकूर वयाला साजेसा आहे का, हे मात्र पालकांनी जरूर पाहावे, कारण इंटरनेटवर मोठ्यांसाठी लिहिलेले पुष्कळ मुलांच्या हाती पडते. पण ही कसोटी मुलगा-मुलगीच्या प्रेमकथेलाही तितकीच लावावी.

आईंनी हे सगळे ऐकून घेतले, पण त्यांचा चेहरा सैल झाला नाही. म्हणून मी विचारले, “ताई, तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?” बराच वेळ त्या कव्हरची घडी बोटाने दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, “एम.ए.ला ‘मित्राची गोष्ट’ वाचलं होतं. ती मुलगी शेवटी जीव देते, मॅडम.”

तेंडुलकरांचे ते नाटक १९८१ चे. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला रंगमंचाच्या मध्यभागी उभे करण्याचे धैर्य त्यांनी त्या काळात दाखवले, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या आईंच्या मनात अशा मुलीचे तेवढेच एक चित्र होते आणि त्याच्या पुढे काहीच नव्हते. दुसरी आठवण ‘फायर’ची. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत दोन जावांच्या प्रेमाच्या त्या चित्रपटावरून तोडफोड झाली, तेव्हा त्या कॉलेजात होत्या. फुटलेल्या काचांचे फोटो त्यांना आठवत होते, चित्रपट त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यातल्या दोघी जावा शेवटी जिवंत असतात आणि एकत्र असतात, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावले.

म्हणजे गोष्टींचा परिणाम या घरात झालाच होता, पण तो मुलीवर नव्हे, आईवर. हे मी त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. ज्यांच्या वाट्याला एकच गोष्ट आली आणि तीही मरणात संपणारी, त्यांनी आपल्या लेकराविषयी दुसरे काय कल्पावे?

पुढच्या आठवड्यात मुलगी एकटी आली. जे बोलेल ते तिच्या परवानगीवाचून आईला सांगणार नाही आणि तिच्या जिवाला धोका वाटला तरच हा नियम मोडेन, हे मी तिला आधी सांगितले. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही, उलट ओझे उतरते. ती ‘नाही’ म्हणाली, आणि मग स्वतःहून खुणेचा विषय काढला. “मी शेवटचं पान आधी वाचते. दोघी जिवंत असतील आणि एकत्र असतील तर खूण करते, मगच पहिल्या पानापासून सुरुवात.” सहावे पुस्तक तिने वाचलेच नव्हते. स्वतःला कोणते नाव द्यावे हे अजून ठरलेले नाही असे ती म्हणाली, आणि मीही ते ठरवण्याची घाई केली नाही.

खुणेचा अर्थ आईला तिनेच सांगावा असे आमचे ठरले. तिसऱ्या बैठकीत तिने तो सांगितला. आई रडल्या, पण त्यांनी लेकीचा हात सोडला नाही. वडील त्या दिवशी बाहेर बाकावर बसून होते; आत यायला त्यांना आणखी दोन बैठका लागल्या.

सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञानांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. “मग हिचं पुढे कसं व्हायचं?” हा आईंचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आजीला काय आणि केव्हा सांगायचे, यावर घरात अजून वाद आहे. तूर्त बारावीची परीक्षा होईपर्यंत तो बाजूला ठेवला आहे.

मराठीत काही वाचायला सुचवा, असे आईंनी विचारले तेव्हा मी त्यांना सचिन कुंडलकरांची २००६ ची ‘कोबाल्ट ब्लू’ वाचायला सांगितली. एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडलेल्या भावाची आणि बहिणीची ती कादंबरी सुखाच्या शेवटाची नाही, पण भावाचे दुःख तिच्यात प्रेमभंग झालेल्या कुणाही मुलाचे दुःख म्हणून येते. त्यांनी ती दोन दिवसांत संपवली आणि मला फोनवर विचारले, “दोघींच्या सुखाची अशी एखादी मराठीत नाही का हो?” माझ्याजवळ पटकन सांगावे असे नाव नव्हते, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

परवा मायलेकी आल्या तेव्हा आईंच्या पर्समध्ये खाकी कव्हरातले एक पुस्तक होते. इंग्रजीची सवय नसल्यामुळे रात्री जेवणानंतर डिक्शनरी घेऊन त्या रोज तीन-चार पाने वाचतात. चाळीस पाने झाली आहेत. शेवटचे पान मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी उघडून पाहिले होते.