होणारी बायको ख्रिस्ती आहे. ‘आधी प्रभू, मग तू’ म्हणते. मग मी दुय्यम का?

राग येणारच. माझ्या बायकोनेही मला हेच ऐकवलं होतं, आणि मी तर जन्माचा ख्रिस्ती!

हे तिच्या मनाचं नाही. बायबलमध्ये मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू स्पष्ट म्हणतो, आईबापांवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करणारा मला योग्य नाही. पण मार्कच्या सातव्यात तोच येशू, ‘हे देवाला वाहिलंय’ म्हणून आईबापांना काही न देणाऱ्यांना झापतो. दोन्ही एकत्र वाचा. देवाचं नाव पुढे करून घरच्यांना टाळायची सोय नाही त्यात.

आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे. एका वर्षी ऐन फुलोऱ्यात शनिवारी रात्री पाऊस झाला. रविवारी सकाळी चर्च सोडून मी फवारणीचा ब्लोअर जोडला, नाहीतर दावण्या रोगानं बाग गेली असती. बायको काहीच बोलली नाही. ती बोलली मार्चमध्ये. शेवटच्या फवारणीनंतर औषध उतरायला थांबायचे दिवस भरले नव्हते आणि व्यापारी दारात येऊन म्हणाला, ‘आजच तोडा, चार किलोला दोनशे देतो.’ बायको म्हणाली, ‘कुणाची तरी पोरं खाणार ती.’ आठ दिवस थांबलो, तर दीडशेवर आलो. त्या वर्षी सोसायटीचं कर्ज फिटलं नाही. मी आठवडाभर फुगून होतो, खोटं कशाला बोलू.

किंमत घरच्यांनाही पडते, हेही खरं. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. 1900 मध्ये त्यांनीही घेतला, पण स्वतःला पटल्यावर. पुढे टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

तेव्हा ‘मी कितवा’ हे विचारू नका. लग्न चर्चमध्ये की रजिस्टर, ते विचारा. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं करायचं तर तीस दिवस आधी नोटीस लागते. मुलांच्या बाप्तिस्म्याचं काय, तुमच्या घरच्या गणपतीत ती कुठवर सामील होणार, हेही. आमच्याकडे शेजारच्या आरतीला बायको उभी राहत नाही, पण मोदकाच्या उकडीला हमखास तिलाच बोलावतात.