बर्फाच्या प्रदेशात सोलर पॅनलसाठी कुठलं स्ट्रक्चर घ्यावं, ॲल्युमिनियम की जीआय?

तुम्ही विचारलंय की चार-पाच महिने बर्फ असतो, पारा उणे ३० पर्यंत उतरतो, तर ॲल्युमिनियमचं स्ट्रक्चर घेऊ की जीआयचं (म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या स्टीलचं), २५ वर्षं कुठलं टिकेल. खरं सांगू का, चांगल्या प्रतीचं असेल तर दोन्ही टिकतात. मी स्ट्रक्चर डिझाइन आणि उभारणीच्याच कामात आहे, आणि बर्फाने वाट लागलेली जी स्ट्रक्चर्स मी बघितली त्यात मधली रेल, म्हणजे पॅनल ज्यावर बसतं ती पट्टी, मोडलेली क्वचितच दिसली. मोडतं ते क्लॅम्पपाशी (पॅनल रेलला धरून ठेवणारी पकड), पॅनलच्या खालच्या काठाला, नाहीतर जमिनीत. त्यामुळे धातू कुठला हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि आधी बर्फाचं वजन जातं कुठून कुठे ते बघा.

वजनाचा अंदाज लोकांना येतच नाही. ताजा भुरभुरीत बर्फ एका घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, पण तोच बर्फ बसून दबला, त्यावर ऊन पडून थोडा वितळला, परत गोठला की ३००-४०० किलोच्या पुढे जातो. म्हणजे दोन चौरस मीटरच्या पॅनलवर अर्धा मीटर ताजा बर्फ असेल तर फार तर १०० किलो, आणि अर्धा मीटर जुना ओला बर्फ असेल तर ४०० किलो! दिसायला दोन्ही पांढरेच.

आता पॅनलच्या डेटाशीटवर ५४०० पास्कल असं छापलेलं असतं, ते वाचून गिऱ्हाईक खूश होतो. ५४०० पास्कल म्हणजे चौरस मीटरला साधारण ५५० किलो, बरोबर आहे, पण तो बहुतेक वेळा टेस्ट लोड, म्हणजे चाचणीत दिलेला भार, असतो. त्याला १.५ ने भागलं की डिझाइन लोड येतो, म्हणजे ३६०० पास्कल, आणि हिशोब त्यावर करायचा असतो. त्यात अजून एक मेख आहे. तो आकडा पॅनल कुठे आणि कसं धरलंय त्यावर अवलंबून असतो. लांब बाजूला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पट्ट्यात क्लॅम्प लावले तर ५४००, आणि तेच पॅनल आखूड बाजूला धरलं तर आकडा निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. मॅन्युअलमध्ये याचा सरळ तक्ता असतो, पण तो कोणी उघडत नाही. मोठी पॅनल्स, त्यातही दोन्हीकडून पातळ काच असलेली, घेत असाल तर मी दोनऐवजी तीन रेल टाकायला सांगेन, खर्च वाढतो पण काच मध्ये झुकत नाही.

खालच्या काठाचा किस्सा सांगतो. एका साइटवर मला बोलावलं होतं, तक्रार अशी की खालच्या ओळीतली पॅनल्स "आपोआप" उघडतायत. जाऊन बघितलं तर फ्रेमची खालची पट्टी काचेपासून सुटून ओठ लोंबावा तशी बाहेर आली होती आणि तिच्यात अजून बोटभर बर्फ अडकलेला होता. झालं असं होतं की दिवसा काच तापायची, बर्फाचा थर सरकून खाली यायचा आणि फ्रेमच्या कडेला अडायचा, तिथे वितळलेलं पाणी रात्री गोठायचं, गोठताना पाणी ९ टक्के फुगतं, त्याने फ्रेम आणि काच यांच्यात पाचर मारल्यासारखं व्हायचं, आणि वरून अख्ख्या ओळीचा बर्फ ढकलतोय. वरच्या ओळी ठणठणीत होत्या. ज्यांनी उभारलं त्यांनी पॅनलचा खालचा काठ जमिनीपासून जेमतेम दीड-दोन फुटांवर ठेवला होता, त्यामुळे घसरलेल्या बर्फाचा ढीग खाली साचून पॅनललाच टेकला आणि मग वरच्या बर्फाला जायला जागाच उरली नाही. त्यांना बर्फ म्हणजे फक्त वरून पडणारं वजन वाटलं असणार.

म्हणून खालचा काठ उंच ठेवा, तुमच्याकडे जमिनीवर एरवी जेवढा बर्फ साचतो त्याच्या वर, आणि घसरून येणाऱ्या ढिगाला वेगळी जागा धरून. तिरकेपणाही जास्त ठेवा, ४५ अंशांच्या पुढे गेलात तर बर्फ बराचसा स्वतःच घसरतो आणि हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हाचं तिरपं ऊनही नीट मिळतं. अर्थात तिरकं केलं की वारा जास्त लागतो, फुकट काहीच मिळत नाही, तो हिशोब डिझाइनरकडून करून घ्या. छतावर करणार असाल तर तिरकेपणा छताचाच राहील, तेव्हा छत तेवढं वजन घेईल का हे आधी तपासा, स्क्रू खालच्या राफ्टरमध्येच (छताच्या वाशात) जायला हवेत नुसत्या फळीत नाही, आणि बर्फाचा लोंढा सुटला की तो दाराच्या वर पडणार नाही ना तेही बघा.

आता धातूकडे येतो. ॲल्युमिनियम थंडीत ठिसूळ होत नाही, गंजत नाही, हलकं असतं, पण आकुंचन-प्रसरण स्टीलच्या जवळपास दुप्पट. १० मीटर सलग रेल घ्या, उन्हाळा-हिवाळ्यात ६० अंशांचा फरक धरा, रेल जवळजवळ १४ मिलिमीटर कमीजास्त होते, स्टीलची ७. जोडावर फट न ठेवता रेल ठोकून बसवली की ती स्वतः वाकते नाहीतर क्लॅम्प ढिले करते. स्टील घेत असाल तर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, घ्या, नुसतं चकचकीत पातळ झिंक मारलेलं नको, आणि साइटवर ड्रिल मारू देऊ नका, मारलंच तर त्या भोकाला झिंक पेंट लावून घ्या. स्टीलच्या ग्रेडचंही विचारा. एस २३५ जेआर सारख्या ग्रेडची आघाताची चाचणी (धक्क्याने ठिसूळपणे तुटतं का ते बघणारी) अधिक २० अंशांवर होते, जे२ ची उणे २० वर. तुमच्या थंडीत हा फरक कागदावर राहत नाही. पाइप किंवा चौकोनी सेक्शन असेल तर खाली पाणी निघायला भोक हवंच, नाहीतर आत पाणी गोठून पाइप उभा फाटतो, मी फाटलेला बघितलाय.

बोल्ट स्टेनलेसचेच, पण स्टेनलेसवर स्टेनलेस सुसाट गनने आवळलं की आटे एकमेकांत अडकून नट जाम होतो, ना पुढे ना मागे, शेवटी कापावा लागतो. आट्याला अँटी-सीझ लावा आणि हळू आवळा. मात्र वंगण लावलं की त्याच टॉर्कला (आवळायच्या पिळाला) बोल्ट जास्त ताणला जातो, तेव्हा कंपनीने दिलेला टॉर्क वंगणासकट आहे की कोरड्या बोल्टचा हे विचारून घ्या.

जमिनीवर उभारणार असाल तर सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. जमिनीतलं पाणी गोठतं, माती खांबाला घट्ट पकडते आणि फुगताना वर उचलते, वसंतात माती बसते पण खालच्या पोकळीत माती आलेली असते म्हणून खांब पूर्ण खाली जात नाही. दरवर्षी थोडा थोडा. पाच वर्षांनी ओळ नागमोडी दिसते आणि वाकड्या रेलमुळे काचांना पीळ बसतो. बारीक गाळाच्या मातीत हे सगळ्यात जास्त, खडीवाळूत कमी. उपाय एकच, खांब गोठण्याच्या खोलीच्या बराच खाली न्यायचा. स्क्रू पाइल, म्हणजे स्क्रूसारखा जमिनीत फिरवून घातलेला खांब, असेल तर त्याचं पातं त्या खोलीखाली हवं, म्हणजे तिथली न गोठलेली माती त्याला धरून ठेवते.

जाता जाता, स्ट्रक्चरचं नाही पण सांगून ठेवतो, थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, उणे ३० ला साधारण १५ टक्के. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या एका माळेत, किती पॅनल्स हे ठरवताना इन्व्हर्टरची मर्यादा बघा.

विक्रेत्याकडे तुमच्या ठिकाणच्या बर्फ आणि वाऱ्याच्या लोडवर काढलेलं, सही असलेलं ड्रॉइंग मागा. "२५ वर्षं वॉरंटी आहे ना" हे उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. आणि उभारून झाल्यावर प्रत्येक नटावर आणि शेजारच्या रेलवर मिळून पेंट मार्करने एक रेघ ओढून घ्या, पहिल्या हिवाळ्यानंतर फिरून बघितलं की रेघ तुटलेली दिसेल तिथला बोल्ट सैल झालाय, तेवढेच आवळायचे.