सीएनजी किट बसवताय? आधी हिशोब, मग गाडी

भाऊ, पहिले रोजचं रनिंग सांगा. किटला ६०,००० रुपये लागले आणि किलोमीटरमागे २ रुपये वाचले, तर पैसे वसूल व्हायला ३०,००० किलोमीटर लागतात. नागपुरातला आजचा सीएनजीचा भाव पंपावर विचारूनच हे गणित मांडा. मुंबई-पुण्याचा आकडा धरू नका. गाडी फक्त धरमपेठ ते सीताबर्डी फिरत असेल, तर माझं मत साफ आहे: राहू द्या.

धूर कमी होतो, हे खरं. पण पिकअप थोडा पडतो आणि डिक्की जवळपास जाते. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण ८-१० किलोच गॅस मावतो. मे महिन्यात तर त्याहूनही कमी, कारण भरताना गॅस तापतो, दाब लवकर २०० बारला पोचतो आणि मशीन थांबते. उन्हाळ्यात सकाळी लवकर भरा.

नवे लोक इथे चुकतात:

- किट बसवून आरसीवर नोंद करत नाहीत, विमा कंपनीलाही कळवत नाहीत. मग क्लेम अडकतो.
- पेट्रोलची टाकी कोरडी ठेवतात. इंजिनला पेट्रोल देणारा पंप टाकीतच असतो, पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा फिरला की जळतो.
- सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, विसरतात. ती दर ३ वर्षांनी लागते, तारीख सिलिंडरच्या प्लेटवर बघा.
- एअर फिल्टर आणि स्पार्क प्लगकडे दुर्लक्ष करतात, अन् मिसफायर झालं, म्हणजे इंजिन झटके मारू लागलं, की किटला शिव्या घालतात.

गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, काचा उघडा. जोड साबणाच्या पाण्यानं तपासतात, काडी पेटवून नाही.